चुलीवर आळ

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका सभागृहात मला बोलावणं आलं. विषय होता जंगल वाचवण्याचा. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'प्रगतशील शेतकरी' असं छापलं होतं. प्रगती कसली ते छापणाऱ्यालाच ठाऊक. बसायला मऊ खुर्ची, वर गार हवा. एक तरुण वक्ते उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. नऊवारीतली म्हातारी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सरपणाची मोळी, पाय अनवाणी. वक्ते म्हणाले, "आपली जंगलं का संपली, याचं उत्तर या चित्रात आहे."

सभागृहात माना हलल्या. माझी मान हलली नाही. मला पडद्यावर आमची आई दिसत होती.

मी हात वर केला. उभा राहिलो. चार माणसांत बोलायची सवय नाही, दोन वाक्यं बोललो आणि तिसरं सुचायच्या आत संयोजक म्हणाले, "दादा, चहाची वेळ झालीय." ते तिसरं वाक्य आणि त्याच्या पुढची सगळी मी घरी घेऊन आलो. ती इथं लिहितो आहे. मी दहावी शिकलेला माणूस. आकडे मांडणाऱ्यांशी मला भांडता येणार नाही असं त्यांना वाटत असेल. पण चुलीपुढं मी जन्मलो, वाढलो. चुलीची बाजू मांडायला आणि चुलीला बोल लावायला, दोन्हीला माझा हक्क आहे.

आधी बाजू मांडतो.

आमचं गाव सिंहगडाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. 2021 साली 23 गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यातलं हे एक. आता आम्ही शहरातले. पण मी लहान होतो तेव्हा पुणं म्हणजे बैलगाडीनं जायचं गाव. आई वर्षभर काय जाळायची ते मला तोंडपाठ आहे. कापणी झाली की ज्वारीची धसकटं. तूर निघाली की तुराट्या. गुऱ्हाळ लागलं की मागून आणलेली चिपाडं. बांधावरच्या बाभळीच्या वाळक्या फांद्या आणि काटे. उन्हाळ्यात थापून वाळवलेल्या गोवऱ्या. हे कमी पडलं तर डोंगराच्या पोटाला जाऊन वेचलेल्या काटक्या. तिच्या हातात कुऱ्हाड मी कधी बघितली नाही. कोयता असायचा, तोही काटे सवळायला.

एकदा मी पोरपणी शहाणपणा केला. करंजाची हिरवी फांदी तोडून ओढत घरी आणली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. आई म्हणाली, "वल्लं लाकूड कधी जळतं व्हय रं? धुरानं जीव घ्यायचाय का माजा?"

त्या सभेतल्या वक्त्यांना कुणी ही साधी गोष्ट सांगितली नव्हती. ओलं लाकूड जळत नाही. ज्या बाईला अर्ध्या तासात भाकरी टाकून रानात जायचं आहे, ती हिरवं झाड तोडून करील काय? तिला वाळकं हवं, पेट घेणारं हवं, एका हातानं मोडेल असं हवं. ती झाडाची पडलेली काडी उचलते. आणि ज्या झाडाखाली यंदा काडी मिळाली, ते झाड पुढच्या वर्षीही उभं राहावं अशी तिच्याइतकी गरज दुसऱ्या कुणाला नाही.

मग जंगल गेलं कुठं? कारण गेलं हे खरंच आहे. आमच्या वरच्या अंगाला, पानशेतच्या मागं, वेल्ह्याच्या डोंगरांत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांचं दाट रान होतं, हे मी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. थोडंसं डोळ्यांनी बघितलंही आहे. ते कुणी नेलं, तेही बघितलंय.

धरणाच्या कामासाठी रस्ते झाले. त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी वर चढले. डोंगरात भट्ट्या लागल्या. कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर राबायची. उचल कधी फिटायची नाही. झाड बुंध्यापासून तोडायचं, तुकडे रचायचे, वरून पाला आणि माती लिंपायची आणि आत धुमसत ठेवायचं. अशा भट्टीत पाच ते सात किलो लाकूड घालावं तेव्हा एक किलो कोळसा हाती येतो. बाकीचं धूर होऊन जातं. त्या कोळशाची पोती गाडीरस्त्यापर्यंत आणायला बैलगाड्या लागायच्या. आमच्या थोरल्या चुलत्यांची गाडी त्यात होती. हे लपवून काय करू? त्या भाड्याच्या पैशातून आमच्या घरावर कौलं चढली. मी सात-आठ वर्षांचा असताना पोत्यांवर बसून घरी आलेलो आहे, तोंड काळं करून.

पोती जायची पुण्याला. तिथं पेठापेठांत लाकडाच्या आणि कोळशाच्या वखारी होत्या. वाड्यावाड्यांतून शेगड्या पेटायच्या. न्हाणीघरात तांब्याचे बंब असायचे, सकाळी सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी त्यात तापायचं. इस्त्रीला कोळसा, हॉटेलाला कोळसा, बेकरीला लाकूड, वीटभट्टीला लाकूड. पुढं पेठांतल्या घरांत गॅस आला. बंब माळ्यावर गेले, नाहीतर मोडीत निघाले. आता ते घासूनपुसून दिवाणखान्यात शोभेला ठेवतात. ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्या आजोबांच्या बंबात वेल्ह्याचा ऐन जळला, त्यांनी आमच्या आईच्या मोळीकडं बोट दाखवू नये, एवढंच म्हणणं आहे.

हा आळ काही एकट्या पुण्यातल्या वक्त्यांनी घेतला नाही. 1975 साली एरिक एकहोम नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकानं सरपण म्हणजे दुसरं ऊर्जासंकट आहे असं मांडलं. त्यानंतर जगभर तज्ज्ञांनी हिशेब केले की माणसं एवढी, लाकूड एवढं, म्हणजे अमुक सालापर्यंत गरीब देशांत झाड उरणार नाही. ती सालं आली आणि गेली. पुढच्या अभ्यासकांनी खेड्यात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की चुलीत जातं त्यातलं पुष्कळसं बांधावरचं, परसातलं, पिकाचं उरलंसुरलं असतं. जंगल जातं ते जमीन मोकळी करण्यात, धंद्याच्या लाकडात आणि शहरासाठी पाडलेल्या कोळशात. काही ठिकाणी सरपणानं डोंगर उघडे पडले, हेही खरं. खेड्याजवळच्या टेकडीवर रोज शंभर मोळ्या उतरल्या तर टेकडी बोडकी होणारच. पण पहिला चोर सोडून शेवटच्या म्हातारीला धरायचं, हा न्याय नव्हे.

इथवर चुलीची बाजू झाली. आता तिला बोल लावतो. कारण चुलीचा कैवार घेणारी दुसरी एक जमात पुण्यात निघाली आहे आणि ती मला त्या वक्त्यांपेक्षा जास्त बोचते.

आमच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी या. ओळीनं पाट्या दिसतील. 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', 'अस्सल गावरान चव'. मोटारी लागलेल्या असतात. माणसं बोटं चाटत म्हणतात, चुलीवरच्या भाकरीची सर गॅसला नाही. काही जण चुलीपुढच्या बाईबरोबर फोटो काढतात. तिला हसायला सांगतात. ती हसते आणि लगेच पदरानं डोळे पुसते. ते पाणी कशाचं, हे फोटोत कळत नाही. त्या चवीत अर्धा वाटा तिच्या फुप्फुसाचा आहे. भाकरी खाणारा तासाभरात मोटारीत बसून जातो. ती सकाळी नवाला बसलेली असते ती रात्री अकराला उठते.

आमच्या आईला पन्नाशीत खोकला जडला. पुढं धाप लागायला लागली. डोळे तर कायमचे लाल. शहरातल्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "आजी, किती वर्षं विडी ओढता?" आईनं उभ्या जन्मात विडीला हात लावला नव्हता. ती आधी लाजली, मग हसायला लागली आणि हसता हसता खोकल्यानं वाकली. मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, ती चूल फुंकते." डॉक्टर म्हणाले, "मग तेच."

तेच म्हणजे काय, ते पुढं वाचून कळलं. कर्क स्मिथ नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायांच्या अंगावर यंत्रं बांधून धूर मोजला. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याचं धुराडं आणि शहरातल्या मोटारी, असंच सगळे धरून चालले होते. त्यांनी दाखवलं की सगळ्यात वाईट हवा शहराच्या चौकात नाही, खेड्यातल्या स्वयंपाकघरात आहे. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरानं 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं मेली. त्यात 2,37,000 च्या वर पाच वर्षांखालची लेकरं. चुलीपुढं आईच्या मांडीवर असतात ती.

आणि चूल खाते किती? साध्या चुलीत शंभर काड्या जाळल्या तर भांड्याला आच मिळते जेमतेम दहा काड्यांची. नव्वद काड्या इकडंतिकडं जातात. त्या नव्वद काड्या बाईनंच वेचलेल्या असतात, डोक्यावरून आणलेल्या असतात. म्हणजे तिनं दहा काड्यांच्या कामासाठी शंभरांचं ओझं वाहायचं आणि वरून धूर गिळायचा. सुधारलेली चूल हवी ती यासाठी. तिच्या डोळ्यांसाठी, छातीसाठी, मानेसाठी. जंगल वाचलं तर तो वरचा फायदा. जंगलासाठी चूल सुधारा म्हणणाऱ्याला बाई दिसतच नाही, आणि बाई दिसली नाही की चूल फसते. कशी फसते ते आमच्याच घरात झालं.

सुधारलेली चूल ही काही आजची कल्पना नाही. गांधीजींच्या माणसांनी वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराच्या चुलीवर काम केलं, तिचं नाव मगन चूल. 1953 च्या सुमाराला हैदराबादच्या एस. पी. राजू या इंजिनिअरांनी धुराडं असलेल्या चुलीचं पुस्तक काढलं. 1983 मध्ये केंद्र सरकारनं देशभराचा सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 पर्यंत चालला आणि तोवर कागदावर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. साडेतीन कोटी! एवढ्या चुली खरोखर पेटत्या राहिल्या असत्या तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

आमच्याकडं धुराड्याची चूल आली 1993 साली. एक गवंडी येऊन अर्ध्या दिवसात बसवून गेला. चूल आणि वैल एकाच ओट्यात, मागं पाइप, पाइप कौलांतून वर. पहिल्या दिवशी आई चुलीपुढं बसली आणि चक्रावली. म्हणाली, "इस्तू पेटलाय का न्हाई, त्येच कळंना." घरात धूर नव्हता. शेजारच्या बाया बघायला आल्या. मला अभिमान वाटला, जसा काही मीच ती बांधली होती.

दीड वर्ष बरं चाललं. मग पाइपात काजळी साचली. धूर वर जायचा तो उलटा घरात यायला लागला. गवंडी सांगून गेला होता, महिन्या-दोन महिन्याला वर चढून पाइप झाडायचा. वर कोण चढणार? आई साठीची, बायको लुगड्यात. म्हणजे मी. मला आई म्हणायची, "आरं, तेवढा पायप झाड." मी म्हणायचो, "उद्या बघू." त्या उद्याची सात वर्षं झाली.

त्या सात वर्षांत विहिरीवरची मोटार तीन वेळा जळाली. तिन्ही वेळा मी त्याच दिवशी मोटार खोलून, गाडीवर टाकून शहरात नेली आणि वायंडिंग करून दुसऱ्या दिवशी पाणी चालू केलं. एकदा तर बायकोची डोरली गहाण टाकून. मोटारीला थांबता येत नव्हतं, पीक वाळलं असतं. आई वाळत होती ते मला दिसत नव्हतं. यात सरकारचा दोष नाही, गवंड्याचा नाही, जंगलवाल्यांचा नाही. माझा आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण हे लिहिलं नाही तर वर लिहिलेलं सगळं फुकट आहे.

दुसरीही एक गोष्ट होती. ती बायकोनं सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हती. नव्या चुलीचं तोंड लहान होतं. आमची बाभळीची वाकडी फांदी त्यात जाईना. बारीक फोडायची तर कुऱ्हाड पुन्हा तिच्याच हातात. आणि भाकरी? भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी लावावी लागते, तेव्हा ती फुगते. या चुलीत निखारा आत खोल. भाकरी फुगेना. शेवटी एके दिवशी बायकोनं पहार घेतली आणि चुलीचं तोंड चांगलं वीतभर फोडून मोठं केलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "आवं, ज्येनं चूल काढली त्येनं चुलीला इचारलं आसंल. मला न्हाई इचारलं."

ओडिशात अभ्यासकांनी हेच मोजून पाहिलं. गावागावांत धुराड्याच्या चुली दिल्या आणि चार वर्षं मागं राहून बघितलं. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत धूर थोडा कमी गेला. पुढं पुढं फरकच राहिला नाही. ना सरपण वाचलं, ना तब्येत सुधारली. चुली मोडल्या, कुणी दुरुस्त केल्या नाहीत, बायांनी वापर सोडला. हे वाचून काही विद्वान म्हणाले, सुधारलेली चूल म्हणजे थोतांड. मला तसं वाटत नाही. मोटार द्या आणि वायंडिंगवाला देऊ नका, चार वर्षांनी मोटारही थोतांडच ठरेल.

चीननं 1980 च्या दशकात हेच काम केलं. दहा वर्षांत जवळजवळ 13 कोटी चुली. त्यांनी चूल फुकट वाटली नाही. बहुतेक खर्च घरवाल्यानं करायचा, सरकारनं कारागीर शिकवायचे, माल तपासायचा आणि चुलीचा धंदा गावात उभा करायचा. चुलीवाला गावातलाच असला की बिघडलेल्या चुलीचं गाऱ्हाणं त्याच्या दारात नेता येतं.

लांब कशाला जायचं, पुण्यातच बघा. आनंद कर्वे हे महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांनी 1996 साली 'आरती' ही संस्था काढली, ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्र शोधण्यासाठी. त्यांनी चुलींचे साचे केले, आणि सरकारी कार्यक्रम संपल्यावर कुंभारांना आणि बचतगटातल्या बायांना त्या करायला आणि विकायला शिकवलं. वाटायला नव्हे, विकायला. त्यांचं दुसरं काम मला शेतकरी म्हणून जास्त पटलं. ऊस तुटला की आपण पाचट पेटवून देतो. हेक्टरी दहा टनांच्या आसपास पाचट, एका काडीत राख. त्यांनी ते पाचट लहान डब्यांत ठासून मोठ्या भट्टीत भाजलं. त्यातून निघणारा वायू त्याच भट्टीत जळतो आणि मागं उरते कोळशाची पूड. तिला खळ लावून कांड्या पाडायच्या. पाव किलोच्या आतच कांड्या घालून घरच्या माणसांचा वरण-भात वाफेवर शिजेल असा कुकरही त्यांनी केला, 'सराई' नावाचा. झाड न तोडता कोळसा! या कामाला 2002 साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. वेल्ह्याच्या भट्ट्यांवर बसून आलेल्या माझ्यासारख्याला याची किंमत कळते. पण त्या कुकरात भाकरी होत नाही, हेही सांगून टाकतो. भाकरीचं कोडं अजून चुलीच्याच पदरात आहे.

आता कुणी म्हणेल, दादा, हे जुनं झालं, गॅस आला की. आला. 1 मे 2016 ला उज्ज्वला सुरू झाली आणि सप्टेंबर 2019 मध्ये आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. चांगलं झालं, मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडं तर त्याच्या आधीपासून गॅस आहे. पण 2023 साली टाकी 1,100 च्या वर गेली तेव्हा गावोगावी काय झालं? टाकीवर कापड टाकून तिचं टेबल झालं, आणि चूल परत पेटली. पाहुणे आले की गॅस, एरवी चूल. सभेत सांगतात, बायांना चुलीचीच सवय, त्यांना चूलच आवडते. हे धादांत खोटं आहे. आमच्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, वढूच्या केईएम संशोधन केंद्राच्या माणसांनी कर्क स्मिथ यांच्यासोबत 200 गरोदर बायांना शेगडीही दिली आणि टाकीही फुकट भरून देत राहिले. चुलीला मापकं लावून ठेवली. टाकी रिकामी राहायची धास्ती गेली तशी बायांनी चूल बहुतांशी बाजूला सारली. सवय-बिवय काही आडवी आली नाही. आडवा येतो तो टाकीचा पैसा, आणि तो पैसा ज्याच्या खिशात असतो तो आपण.

माझा निम्मा तुकडा आता बिल्डरकडं गेलाय. तिथं बारा मजली इमारत चढते आहे. तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात. कुणी मराठवाड्यातले, कुणी बिहारचे. संध्याकाळी तिथल्या बाया तीन विटांची चूल मांडतात आणि सेंट्रिंगची फुटकी फळी, प्लायचे तुकडे जाळतात. त्याला डिंक लागलेला, रंग लागलेला, तेल लागलेलं. तो धूर आमच्या बाभळीच्या धुरासारखा नाही, घशाला जाळत जातो. एका बाईला विचारलं, गॅस का नाही घेत? म्हणाली, "दादा, आज हितं, दोन महिन्यांनी दुसरीकडं. कुठला पत्ता सांगू?" पाच किलोची लहान टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि सांगूनही ती मोठ्या टाकीपेक्षा महाग पडते. तिच्या चुलीनं कुठलं जंगल तोडलं? ती तर आपल्याच इमारतीचा कचरा जाळते आहे. जंगलाच्या हिशेबात ही बाई कुठंच बसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी चूल घेऊन येत नाही. हाच माझा मुद्दा आहे.

म्हणून म्हणतो, आळ आधी काढून घ्या. मोळीवाल्या म्हातारीचं चित्र त्या पडद्यावरून उतरवा. चूल करायची तर जी भाकरी थापते तिला पुढं बसवून करा, आणि ती फोडून मोठी करायला लागली तर ओरडू नका, वही काढून लिहून घ्या. चूल बसवण्याइतकाच पैसा ती पाच वर्षं दुरुस्त ठेवण्यासाठी राखा, आणि तो गावातल्या कारागिराच्या हातात पडू द्या. टाकी देणार असाल तर ती परवडेल अशी भरूनही द्या. बांधकाम करणाऱ्यानं मजुराच्या खोलीत जशी दिव्याची तार दिली पाहिजे तशी शेगडीही दिली पाहिजे, आणि ती दिली की नाही हे महापालिकेनं बघितलं पाहिजे.

आई जाऊन आता पंधरा वर्षं झाली. धुराड्याचा पाइप मी शेवटी उतरवला तो घर पाडताना. हलवला तर आतून मूठ-दोन मूठ नव्हे, घमेलंभर काजळी पडली.

पुढच्या वेळी सभेला बोलावलं तर मी भाषण करणार नाही. चहाच्या आधी समोरच्या पुरुषमाणसांना एकच विचारणार आहे. तुमच्या घरातलं धुराडं शेवटचं कुणी झाडलं, आणि कधी?